बावटा घ्या, चला मुंबईला

बूट काढून ठेवा. इथे सगळ्यांच्या पायात रबरी चपला आहेत, त्याही झिजलेल्या. मार्च २०१८, नाशिकचा सीबीएस चौक. सुरगाणा, पेठ, दिंडोरीहून आलेली माणसं टेम्पोतून उतरताहेत. कुणीतरी तुमच्या डोक्यावर लाल टोपी चढवतं, हातात बावटा देतं. किसान सभेचा मोर्चा विधान भवनाला घेराव घालायला निघालाय. अंतर १८० किलोमीटर, तेही पायी!

दुपारपर्यंत डांबराची धग तळव्यांतून पोटऱ्यांत चढते. पुढे तारपा घुमतोय, मागून घोषणांची लाट येते आणि थकलेला पाय आपोआप उचलला जातो. शेजारून चालणाऱ्या मावशींची टाच फुटलीय. चिंधी गुंडाळून त्या तुमच्याही पुढे जातात. आजा-पणजापासून कसलेली त्यांची जमीन कागदोपत्री अजून वनखात्याची. दावा केला एकरांचा, मंजूर झाले गुंठे.

रात्री उघड्या माळावर तीन दगडांच्या चुली पेटतात. गावागावातून आणलेला तांदूळ शिजतो. धुराने डोळे चुरचुरतात, पण वाफाळत्या डाळ-भातापुढे त्याचं काय! एका काकांनी दिवसभर डोक्यावर सोलर पॅनल वाहिलंय. त्यावर सगळ्यांचे मोबाइल चार्ज होतात. घरी ख्यालीखुशाली कळवायला हवी ना?

कसारा घाटात ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास नाकात बसतो. वळणावर थांबून मागे पाहा: अख्खा रस्ता लाल.

सहाव्या दिवशी मुंबईतल्या सोमय्या मैदानात अंग टाकता, तोच उठायची हाक येते. सकाळी दहावीचा पेपर आहे, आपल्यामुळे पोरं रस्त्यात अडकायला नकोत. सोललेले पाय पुन्हा चपलांत कोंबून मध्यरात्रीच निघायचं. मला या मोर्चातलं सर्वांत मोठं वाटतं ते हेच. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटं घेऊन उभे आहेत. कुणी आपल्या पायातल्या चपला काढून देतंय.

आझाद मैदानात उन्हं कलल्यावर मंत्री मंचावर येतात. मागण्या मान्य, वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन. टाळ्या, शिट्ट्या, डफ. मावशी तुमच्या कानाशी ओरडतात, "भाऊ, नीट ऐकलं का? एकर म्हणाले का गुंठे?"