कांचेच्या पेटींतील वस्ती

दिवाणखान्यांत कांचेची पेटी मांडावी, तींत हौसेनें रंगीत मासे सोडावे, आणि आठ-पंधरा दिवसांत ते एकामागून एक मरून तरंगतांना पाहावे, हा अनुभव पुष्कळ घरांना आलेला असतो. पाणी स्वच्छ होतें, खाणें वेळेवर पडत होतें. मग मासे मेले कां? या साध्या प्रश्नाचें उत्तर पुरें व्हावयास चाळीस वर्षें लागलीं, आणि त्या उत्तराचे दोन महत्त्वाचे भाग एकाच घरांतील पिता-पुत्रांच्या हातून सिद्ध झाले.

पिता रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधील औषधकारांच्या जुन्या संघाचे रसायनज्ञ होते. १८४९ सालीं त्यांनीं सुमारें बारा गॅलन मापाच्या कांचपात्रांत तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले, झऱ्याचें पाणी ओतलें, व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. मासे प्राणवायु घेतात. वनस्पति सूर्यप्रकाशांत तो परत देते. एवढ्यावर संसार चालेल अशी अपेक्षा होती. परंतु जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें आणि कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हां वॉरिंग्टन यांनीं पांच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ फस्त केलें, आणि त्यांचीं अंडीं माशांचें खाद्य झालीं. पाणी पुन्हां निवळलें. १८५० मध्यें हा वृत्तांत त्यांनीं केमिकल सोसायटीपुढें ठेवला.

काळ अनुकूल होता. कांचेवरील जकात इंग्लंडांत १८४५ मध्येंच उठली होती. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें मत्स्यगृह उघडलें, आणि पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचें ‘दि अक्वेरियम’ हें पुस्तक निघालें. मत्स्यपेटी ही सुखवस्तु घरांची हौस बनली. मासा, वनस्पति आणि गोगलगाय एकत्र आले कीं समतोल साधला, असें लोक समजूं लागले. तरीही नव्या पेटींतील मासे मरतच होते. कारण मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. तें विष डोळ्यांना दिसत नाहीं, आणि गोगलगाय तें खात नाहीं.

थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्यें वारले. दहा वर्षांनीं, १८७७ मध्यें, पॅरिस येथें श्लेझिंग व म्यून्त्स या रसायनज्ञांनीं गटाराचें पाणी वाळूच्या उभ्या थरांतून हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. मग अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच क्रिया थांबली. अर्थात् हें काम सजीवांचें होतें. रॉथम्स्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत याचा पाठपुरावा करणारे गृहस्थ म्हणजे वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. त्यांचेंही नांव रॉबर्टच. हें काम दोन टप्प्यांत चालतें, असें त्यांनीं दाखविलें: एका प्रकारचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट. ते जंतु निर्भेळ वेगळे काढणें मात्र त्यांना साधलें नाहीं. तें यश १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना लाभलें. धाकट्या वॉरिंग्टनांचें लक्ष शेतांतील खताकडे होतें. परंतु पित्याच्या पात्रांतील उरलेलें कोडें त्यांनींच बरेंचसें सोडविलें.

नायट्राइटही माशांना विषारीच. नायट्रेट त्या मानानें सौम्य. नव्या पेटींत हे जंतु पुरेसे नसतात आणि त्यांची वस्ती वसण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून पेटी, वाळू, वनस्पति व गाळणी मांडून प्रथम त्यांना किंचित् अमोनिया पुरवीत थांबावें, पाणी तपासावें, आणि दोन्ही विषें नाहींशीं झाल्यावरच थोडे मासे सोडावे. गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें धुतल्यास वसलेली वस्ती मरते. सोबतीही पाण्यावरून निवडावे. गप्पी, प्लॅटी व मोली यांना जड पाणी मानवतें. निऑन टेट्राला मऊ. सोनेरी मासा थंड पाण्याचा, पुष्कळ घाण करणारा आणि तोंडांत मावेल तो लहान मासा गिळणारा. त्याचें बिऱ्हाड वेगळेंच बरें.

पेटी एका दिवसांत विकत आणतां येते. तिच्यांतील पहिले रहिवासी मासे नव्हेत, एवढें ध्यानांत ठेवलें तर पुढच्या रहिवाशांचे प्राण वांचतात.