मारबारचा खडक आणि येलहंकेचे नाडप्रभू

डेव्हिड लीन हा स्थळासाठी जग पालथे घालणारा दिग्दर्शक. १९५७ मध्ये सिलोनचे अरण्य, १९६२ मध्ये जॉर्डनचे वाळवंट. ‘रायन्स डॉटर’ (१९७०) नंतर मात्र चौदा वर्षे एकही चित्रपट नाही. १९८४ मध्ये आला तो ‘अ पॅसेज टू इंडिया’. फॉर्स्टरच्या मारबारचे मूळ असलेली बिहारमधील बराबर लेणी लीनला दृश्यदृष्ट्या निस्तेज वाटली. त्याने बेंगळूरनजीकचे सावनदुर्ग आणि रामदेवरबेट्ट हे डोंगर निवडले (‘शोले’चे रामगड याच रामदेवरबेट्टच्या पायथ्याशी उभे राहिले होते) व तेथील खडकात गुहांची तोंडे कोरवून घेतली.

पडद्यावर हा खडक मानवपूर्व, इतिहासशून्य भासतो. वास्तविक १६३८ मध्ये रणदुल्लाखान व शहाजी यांच्या विजापुरी फौजेने बेंगळूर घेतल्यावर येलहंकेच्या नाडप्रभूंचे, म्हणजे केंपेगौडांचे, घराणे मागडीकडे सरकले आणि सावनदुर्ग हेच त्यांचे बळ ठरले. मराठी वाचकाला तरी हा डोंगर निनावी वाटू नये.

दोष एकट्या लीनचा नव्हे. बराबरच्या लेण्यांत आजीविकांना दिलेल्या दानाचे अशोककालीन लेख आहेत. फॉर्स्टरने १९२४ च्या कादंबरीत भिंतींची झिलई तेवढी ठेवली, लेख गाळले.