आवाससॉफ्ट

आवाससॉफ्ट ही ग्रामीण घरकुल योजनांच्या प्रगतीचा मागोवा घेणारी व तिचे अहवाल तयार करणारी भारत सरकारची संगणकीय प्रणाली आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ती इंदिरा आवास योजनेसाठी विकसित केली व 2010 मध्ये ती वापरात आली. 1 एप्रिल 2016 पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेचा सर्व कारभार याच प्रणालीतून चालतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडसारख्या तालुक्यात ही नोंद पंचायत समितीच्या स्तरावर ठेवली जाते. अजिंठा, भराडी, आमठाणा, शिवना आदी गावांतील घरकुले त्यामुळे एकाच तक्त्यात पाहता येतात.

कार्यपद्धती

प्रत्येक लाभार्थ्याला नोंदणी क्रमांक मिळतो. मंजुरीपूर्वी त्याचे जुने घर व नियोजित जागा यांची छायाचित्रे मोबाइलवरील आवासॲपद्वारे घेतली जातात. त्यांवर अक्षांश-रेखांश, दिनांक व वेळ यांची नोंद होते. यालाच बोलीभाषेत 'जिओटॅग करणे' म्हणतात. पुढे पाया, जोते, खिडकीची पातळी, लिंटल आणि छत या टप्प्यांवर पुन्हा छायाचित्रे चढवली जातात. छायाचित्राची पडताळणी झाल्यावरच निधी हस्तांतरण आदेश तयार होतो आणि हप्ता थेट बँक खात्यात जमा होतो. सपाट प्रदेशासाठी 2016 मध्ये ठरलेले अनुदान 1 लाख 20 हजार रुपये असून घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे. रोजगार हमीतील अकुशल मजुरी व शौचालयाचे 12 हजार रुपये यांचा समावेश या रकमेत नाही. मंजुरीनंतर 12 महिन्यांत बांधकाम पूर्ण होणे अपेक्षित असते.

अहवाल

मंजूर, अपूर्ण व पूर्ण घरांची संख्या राज्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत उतरत्या क्रमाने संकेतस्थळावर पाहता येते. अहवाल नागरिकांसाठीही खुले आहेत. गावात घरकुल कोणाला मिळाले, हा पूर्वी चावडीवरच्या तर्काचा विषय होता. आता ती यादी कोणालाही उघडून वाचता येते. या प्रणालीचा हा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

मर्यादा

प्रणाली टप्पा नोंदवते, थांबण्याचे कारण मात्र तक्त्यातून उमगत नाही. 'जोत्यापर्यंत' अशी एकच नोंद वाळूअभावी थांबलेल्या घराची असू शकते, मजुरीसाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबाची असू शकते, तशीच काळ्या जमिनीत पाया खोल घेताना पैसे संपलेल्या कुटुंबाचीही असू शकते. हप्ता कामानंतर मिळत असल्याने पुढच्या टप्प्याचे साहित्य अनेकदा उधारीवर आणावे लागते. अभियंत्याची भेट लांबली, की बांधलेली भिंतही तक्त्यात दिसत नाही आणि तिच्यापोटी येणारी रक्कम तेवढे दिवस अडते. ज्यांच्याकडे स्वतःची जागाच नाही, त्यांची अडचण त्याहून आधीची. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना राबवली जाते.