पदवी आणि पाळकपद

सरोजिनी नगरला पूर्वी विनय नगर म्हणत. सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांचे उमेदीचे दिवस येथल्या क्वार्टर्समध्ये गेले. आज ते जुने क्वार्टर्स पाडून उंच इमारती उभारण्याचे काम चालले आहे, आणि ज्यांच्या नावावर घर होते त्यांतील बहुतेक मंडळी निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला किंवा आपापल्या गावी गेली आहेत. मुलांच्या शिक्षणाची चिंता मात्र घर बदलले तरी तीच राहते. मुलाने काय व्हावे, कोणत्या परीक्षेस बसावे, कोणती पदवी कोणत्या पदाला चालते, हे विषय आमच्या बैठकींत नित्याचेच. अशाच एका बैठकीत निघालेला एक प्रश्न आम्हांस पूर्वी कधी कोणी विचारला नव्हता. हा लेख त्यातूनच झाला.

आमचे एक शेजारी नगर जिल्ह्याकडील. केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांच्या मुलाने दिल्लीतच पदवी घेतली आणि एके दिवशी घरी सांगितले, "मला पाळक व्हायचे आहे." घरात विरोध झाला नाही, आजी तर डोळे पुसू लागली. प्रश्न पुढेच होता. मुलाने चार-पाच विद्यालयांची माहितीपत्रके आणली होती. कोठे बी. टीएच., कोठे बी. डी.; एक विद्यालय श्रीरामपूरच्या सिनेटला संलग्न, दुसरे नाही; कोठे शिक्षण इंग्रजीतून, कोठे देशी भाषेतून. वडिलांनी ती पत्रके आमच्यापुढे ठेवली आणि सरकारी माणसाला शोभेल असाच प्रश्न केला: "यांतली कोणती पदवी कशाच्या बरोबरीची, तेवढे सांगा म्हणजे झाले."

त्या संध्याकाळी आम्हांस उत्तर देता आले नाही. नंतर जुनी पुस्तके चाळताना ध्यानात आले की हा प्रश्न मराठी मुलखात दोनशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे आणि बरोबरीच्या पदवीने तो कधीच सुटलेला नाही.

प्रथम त्या श्रीरामपूरचेच पाहू. हे नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, तर हुगळीच्या काठचे, बंगालमधले. तेथे १८०० साली विल्यम कॅरी व त्याचे सहकारी स्थायिक झाले. कंपनी सरकारच्या हद्दीत मिशनरींना थारा नव्हता, आणि हे गाव डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. याच मंडळींनी १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज काढले. १८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने त्यास पदव्या देण्याचा अधिकार सनदेने दिला. पण ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांसाठी तो अधिकार कित्येक दशके वापरलाच गेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सनदेचा पुन्हा विचार झाला, १९१५ मध्ये बी. डी.च्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने सिनेटची रचना पक्की झाली. आज प्रॉटेस्टंट पंथांची अनेक विद्यालये या सिनेटला जोडलेली आहेत. शिकविणारे विद्यालय पुण्याचे असो वा बंगळूरचे, पदवी श्रीरामपूरची. मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पदवीचा अधिकार मिळवून देणाऱ्या या माणसाने आधी देशी भाषांची व्याकरणे रचली होती. तोच प्रकार आमच्या पश्चिम किनाऱ्यावर दोनशे वर्षे अगोदर दिसतो. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यास आला. लॅटिनमध्ये शिक्षण झालेल्या या धर्मगुरूने नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध मराठी काव्य लिहिले, आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच राशोलला जेसुइटांनी बांधलेल्या वास्तूत पुढे धर्मगुरू घडविणारी सेमिनरी चालली. ती आजही आहे. स्टीफन्सची दृष्टी मात्र राज्यकर्त्यांनी टिकविली नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. धर्मगुरूची भाषा आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाची भाषा यांत अंतर पडू द्यायचे की नाही, हा वाद इतका जुना आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या नगरास या वादाचे खरे रणक्षेत्र म्हणता येईल. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. शाळा निघाल्या, आणि इंग्रजी शिकवावे की नाही यावरून मतभेद झाले. मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन इंग्रजी उच्च शिक्षणाचा पाया घालीत होते. त्यांच्याकडे येऊन ख्रिस्ती झालेले पारशी तरुण धनजीभाई नवरोजी स्कॉटलंडला शिकले आणि १८४६ मध्ये दीक्षित पाळक झाले. अमेरिकन मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना ही वाट पसंत नव्हती. १८५४-५५ मध्ये ते स्वतः पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. इंग्रजी शिकलेला मुलगा मंडळीकडे परत न येता सरकारी कचेरीत जातो, आणि परत आलाच तरी खेड्यातल्या माणसाशी त्याचे जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली व देशी भाषेतून शिकलेले देशी पाळक नेमण्यावर भर आला. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळ्यांची दीक्षा मिळाली ती याच काळात.

सरकारी कचेरीत गेलेल्यांचेच वंशज असलेल्या आम्हां वाचकांस अँडरसनसाहेबांचे निदान थोडे झोंबेल. पण ते खोटे होते असे म्हणवत नाही. त्यांचा उपाय मात्र अर्धाच होता. इंग्रजी बंद केल्याने सरकारी नोकरीची वाट बंद झाली असेल. पण तिच्याबरोबर मूळ भाषांतील बायबल, चर्चचा इतिहास आणि जगातील चर्चा यांची दारेही अरुंद झाली. देशी पाळक देशी भाषेत बोलला, तरी काय बोलावे याचा निर्णय परदेशी मिशनरीच्याच ग्रंथालयात होत राहिला. पुढे मिशनला हे धोरण सैल करावे लागले. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांच्या हाताखाली नगरला ईश्वरविज्ञानाचे विद्यालय उभे राहिले, आणि त्यात शिकवावयास एक असा माणूस आला की ज्याने स्वतः कोणत्याही सेमिनरीची पदवी घेतली नव्हती.

ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. संस्कृतचे पंडित आणि कवी म्हणून नाव झालेले. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने त्यांचे मन कसे पालटले, हे मराठी वाचकास लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळ्या आज जी गीते गातात त्यांतील फार मोठा वाटा टिळकांचा. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. १९१९ मध्ये ते वारले.

टिळकांचे उदाहरण पुष्कळदा चुकीच्या कामाला लावले जाते. "टिळकांनी कोठे पदवी घेतली होती?" असे विचारून अभ्यासास फाटा देणारे उपदेशक पूर्वी होते व आजही आहेत. टिळकांपाशी सेमिनरीची पदवी नव्हती, पण विद्या नव्हती असे नाही. संस्कृत काव्य, शास्त्र आणि मराठी संतपरंपरा यांची तयारी त्यांनी तारुण्यातच केली होती. पंडिता रमाबाईंचेही तसेच. कोणत्याही सेमिनरीने त्यांना पाळक केले नाही. त्या काळी स्त्रीला ते शक्यच नव्हते. परंतु केडगावी बसून त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. पदवीवाचून ज्यांचे काम टिकले त्यांनी पदवीधरांपेक्षा अधिक अभ्यास केला होता, असे या दोन्ही चरित्रांतून दिसते.

याउलट नीळकंठ, पुढे नेहेम्या, गोरे यांचे. काशीतल्या या मराठी ब्राह्मण पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, महाराजा दुलीपसिंगाबरोबर १८५४ मध्ये इंग्लंड पाहिले आणि पुढे अँग्लिकन पंथात दीक्षा घेतली. षड्दर्शनांवर त्यांनी हिंदीत लिहिलेला ग्रंथ १८६२ मध्ये इंग्रजीत आला. तरीही रमाबाईंना ज्या गोऱ्यांचा आधार वाटला, ते त्यांच्याशी शास्त्रीपद्धतीने, त्यांच्याच परिभाषेत बोलणारे गोरे होते. देशोदेशींचे शिक्षण त्यांच्या कामी आले, कारण काशीतले शिक्षण त्यांनी टाकून दिले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात या विद्येची केंद्रे वाढली. कँडी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली कॅथलिकांची पोपप्रणीत सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये तीही पुण्यास गेली. कुर्स्योंगचे जेसुइट विद्यालय १९७२ मध्ये दिल्लीस आले व 'विद्याज्योती' या नावाने चालू आहे. गंमत अशी, की या मोठ्या संस्था मराठी भूमीत असोत वा दिल्लीत, त्यांच्या वर्गांतील भाषा मुख्यतः इंग्रजी. भारतभरचे विद्यार्थी एकत्र येतात म्हणजे ते अपरिहार्यही आहे. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत देशी भाषांना दार उघडले. वेदीवरचे लॅटिन गेले, पण वर्गात इंग्रजी राहिली. पुण्याला मराठी मंडळ्यांसाठी प्रॉटेस्टंटांचे संयुक्त विद्यालय आहे. मोठ्या संस्थांच्या शेजारी ते सहसा नजरेत भरत नाही.

आता आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाकडे वळू. त्याच्या आजोबांची मंडळी मूळची अमेरिकन मिशनची. ती आधी उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. या चर्चचे मुख्य कार्यालय दिल्लीतच, पंडित पंत मार्गावर आहे. तेव्हा व्यवहाराची पहिली गोष्ट ही, की अशा चर्चमध्ये पदवी घेतली म्हणजे कोणी पाळक होत नाही. आधी आपल्या मंडळीने व धर्मप्रांताने उमेदवार म्हणून स्वीकारावे लागते, शिक्षणानंतर उमेदवारीचा काळ जातो, मग दीक्षा. आधी प्रवेश घेऊन मागून शिफारस शोधणारा तरुण उलट्या टोकाने चालू लागतो. कॅथलिकांत तर हा क्रम अधिकच बांधलेला: बिशप वा धर्मसंघ आधी, मग कायद्याने किमान सहा वर्षांचे तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान.

दुसरी गोष्ट संलग्नतेची. सिनेटची पदवी असली म्हणजे पुढे एम. टीएच. करणे, सेमिनरीत शिकविणे सुकर होते. काही संस्था १९७० मध्ये स्थापन झालेल्या आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेने पदव्या देतात. काहींपाशी दोन्हींपैकी काहीच नसते. ज्या चर्चमध्ये सेवा करावयाची ते चर्च काय मान्य करते, हे लेखी विचारून घ्यावे. सरकारी माणसाला लेखी उत्तराचे महत्त्व आम्ही काय सांगावे!

या दोन गोष्टींचा उलगडा चिठ्ठीपत्रीने होतो. तिसरी गोष्ट मुलाने स्वतःच ठरवावयाची आहे. तो सरोजिनी नगरात वाढला. मित्रांशी हिंदी बोलतो, विचार इंग्रजीत करतो आणि मराठी फक्त आजीशी बोलतो. त्याला उभे कोणासमोर राहावयाचे आहे? दिल्लीतल्या इंग्रजी उपासनेसमोर, की नेवासे-राहुरीकडील एखाद्या वस्तीतल्या मंडळीसमोर, जेथे टिळकांची गीते पुस्तक न उघडता म्हटली जातात? पहिले ठरले तर दिल्ली-बंगळूरचा इंग्रजी बी. डी. त्यास पुरेल. दुसरे ठरले तर त्याने बी. डी. जरूर करावा, हिब्रू आणि ग्रीकही सोडू नये, कारण अँडरसनसाहेबांचा अर्धा उपाय पुन्हा करण्यात अर्थ नाही. पण पुण्यातल्या अशा विद्यालयाची निवड करावी, की जेथून दर रविवारी एखाद्या मराठी मंडळीत जाऊन बसता येईल. तेवढेही न जमले तर पदवीनंतरचे एक वर्ष त्याने नगरला काढावे.

आम्ही हे सारे त्या घरी जाऊन सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे आधी पोस्टिंग, मग परीक्षा. आमच्याकडे उलटे असते." मुलगा काही बोलला नाही. त्याने माहितीपत्रके गोळा केली आणि आजीच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून आजीचा आवाज आला; ती एक गीत म्हणत होती आणि मध्येच थांबून त्याला एका शब्दाचा अर्थ विचारीत होती. त्याला तो येत नव्हता. तिनेच सांगितला, आणि गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.