धुरेवरचा भार

कोल्हापूरच्या कारागिरीचा इतिहास हा बराचसा यंत्र मोडून पाहण्याचा आणि पुन्हा जुळवण्याचा इतिहास आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घडवला, तो परदेशी यंत्राची रचना न्याहाळून आणि त्याचे भाग इथेच तयार करून. पुढे शेतीच्या पाण्यासाठी आणि गुऱ्हाळांच्या चरकांसाठी ऑइल इंजिने आली. ती दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी त्यांचे सुटे भाग ओतायला आणि कातायला घेतले, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांचे नाव झाले. ही विद्या अस्सल आहे, पण वाहनाच्या बाबतीत तिची मर्यादा उघडी पडते. इंजिनाचे मर्म त्याच्या भागांत असते. माप बरोबर घेतले, धातू बरोबर ओतला की इंजिन चालते. रस्त्यावरच्या गाडीची वागणूक मात्र कोणत्याच एका भागात सापडत नाही. ती चाक आणि रस्ता, भार आणि उतार, ओढणारा आणि ओझे यांच्या परस्परसंबंधात असते, आणि गाडी उभी करून खोलली की हा संबंधच नाहीसा होतो. ही वागणूक आधीच ओळखण्याचे एक अलिखित शास्त्र या मुलखात होते. लाकडी गाडीबरोबर ते मागे पडले. त्याची जागा ज्या गणिती प्रारूपांनी घ्यायची, ती मोटारगाडीभोवती वाढली आणि उसाच्या वाहनापर्यंत फारशी पोचलीच नाहीत, असे मला वाटते.

ते जुने शास्त्र कसे होते, हे चाकावर लोखंडी धाव बसवण्याच्या कामात स्पष्ट दिसते. सुताराने तुंबा, आरे आणि पाटे जुळवून चाक उभे केले की लोहार त्याचा घेर मोजी आणि लोखंडी पट्टी त्याहून किंचित कमी घेराची वळवून जोडी. मग शेण्यांच्या गोल जाळात ती धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर घालायची, घणाने ठोकून बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. सुमारे साडेचार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा घेर अडीच-पावणेतीन सेंटीमीटरने वाढतो, आणि निवताना ती चाकाचे सगळे सांधे आवळून घेते. पट्टी किती आखूड ठेवायची, हा लोहाराचा निर्णय आकडेमोडीशिवाय होई, पण तो अंदाजपंचे नव्हता. फार आखूड ठेवली तर आरे वाकतात, कमी आखूड ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड आटून धाव निसटते. अजून न घडलेल्या गोष्टीचे भाकीत करून आजचे माप ठरवायचे, हेच तर प्रारूपाचे काम असते.

गाडीच्या तोलाचे ज्ञान याहून सूक्ष्म होते. दोन चाकांच्या गाडीत भार कण्याच्या मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे आला तर सगळे ओझे मानेवर येते. म्हणून गाडीवान साटीत माल भरताना पुढच्या दांडीला, म्हणजे धुरेला, हात घालून ती उचलून पाही. यामागचे गणित मांडता येते. समजा दीड टन ऊस आहे, त्याचा गुरुत्वमध्य कण्याच्या दहा सेंटीमीटर पुढे आहे आणि कण्यापासून जोखड तीन मीटरवर आहे. सपाटीवर मानेवर 50 किलो भार येईल. आता हाच गुरुत्वमध्य जोखडाच्या पातळीहून 60 सेंटीमीटर वर आहे असे धरा, आणि गाडी दहाला एक अशा उतारावर आणा. भाराची ओळंब्याची रेषा सहा सेंटीमीटर पुढे सरकते आणि मानेवरचे ओझे 80 किलो होते. तशाच चढावर ते 20 किलोवर येते, आणि ऊस जरा मागे किंवा जरा उंच रचला असेल तर गाडी उलाळ होण्याच्या बेतात येते. शेतातून बांध ओलांडून सडकेवर चढणाऱ्या गाडीच्या बाबतीत हेच घडते. चढ येण्याआधी गाडीवान पुढे सरकून धुरेवर बसे, तेव्हा तो याच समीकरणातली एक राशी बदलत असे.

याला शास्त्र म्हणणे म्हणजे जुन्याचे गोडवे गाणे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. सुताराची चूक दुरुस्त व्हायला एक पिढी लागे आणि तोवर तिची किंमत बैल खांदेसुजीच्या रूपाने मोजत असे. शिवाय हे ज्ञान एका गावाच्या मातीला आणि एका जातीच्या लाकडाला बांधलेले होते. माल बदलला, वेग बदलला, की ते निरुत्तर होई. हा दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या ज्ञानात बैल, रस्ता आणि ओझे हे तिन्ही एकत्र होते. पुढे गाडी सुधारली, पण ही एकत्र मांडणी तुटली.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाच्या व्यापाराला पेठ मिळाली. 1930 च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला. 1950 च्या दशकात राधानगरी धरणाचे पाणी आणि सहकारी कारखाने यांनी जिल्ह्याचे रूपच पालटले. रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगेकाठी आणि तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेकाठी कारखाने उभारले. गुऱ्हाळ शेताच्या बांधावर असे. कारखाना मैलोन् मैल दूर, आणि त्याला गळीत हंगामात रात्रंदिवस ऊस लागे. या भुकेला लाकडी गाडी पुरणे शक्य नव्हते. हवेचे टायर आणि बॉल बेअरिंग असलेली लोखंडी गाडी आली. कारखानेच ती ऊसतोड टोळ्यांना देऊ लागले. चाकाचा विरोध एकदम कमी झाला आणि त्याच जोडीकडून कितीतरी जास्त ऊस ओढला जाऊ लागला. पण कमी विरोधाचे चाक उतारावरही तितकेच मोकळे पळते. पूर्वी लाकडी चाकाचे घर्षण थोडा तरी आवर घालत होते. आता ब्रेक नसलेल्या गाडीचा सगळा रेटा बैलांनी मानेने थोपवायचा. ओढ कमी झाली म्हणून ओझे वाढवले, ओझे वाढल्याने उंची वाढली, उंची वाढल्याने मानेवरचा भार चढउतारागणिक हेलकावू लागला. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडी हा राष्ट्रीय वाहतुकीचा प्रश्न म्हणून मांडला, तेव्हा अनेकांना ते मागासपणाचे लक्षण वाटले. मला तो त्या काळातला सर्वांत नेटका तांत्रिक विचार वाटतो, कारण त्यांनी जनावराला यंत्रणेचाच भाग धरले.

दरम्यान पश्चिमेत मोटारीचे गणित वेगळ्या वाटेने वाढत होते. त्या वाढीची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण तिथे प्रत्येक सुधारणा पूर्वी क्षुल्लक म्हणून वगळलेली एखादी गोष्ट परत आत घेऊन झाली. आरंभी चाक ज्या दिशेला तोंड करते त्याच दिशेला जाते असे गृहीत होते. 1925 मध्ये फ्रान्सच्या ब्रूलिएने दाखवले की रबरी टायर बाजूला थोडा घसरत, कोन करूनच वळण घेतो. 1940 मध्ये जर्मनीत रीकर्ट आणि शुंक यांनी चार चाकांची मोटार दोन चाकांच्या आकृतीत बसवली. तीत गाडीचे कलणे नव्हते, पण वळताना ती का भरकटते हे हातानेच सोडवता येऊ लागले. 1956 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत लिओनार्ड सेगेल यांनी कलणे आत घेतले. विमानाच्या स्थैर्याची समीकरणे मोटारीला लावली आणि खऱ्या गाडीवर मोजमाप घेऊन ती पडताळली. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या पासेका यांनी सहकाऱ्यांबरोबर 1987 मध्ये टायरच्या बळाचे जे सूत्र मांडले, ते आजही जगभरच्या सिम्युलेशनमध्ये वापरात आहे. गंमत म्हणजे ते सूत्र कोणत्याही मूलतत्त्वातून आलेले नाही. मोजलेल्या वक्ररेषेवर चपखल बसणारी ती एक रचना आहे. म्हणजे या शास्त्राच्या गाभ्यातही लोहाराच्या मापासारखे अनुभवाचेच ज्ञान आहे. फरक एवढाच की ते आकड्यांत लिहिलेले असल्याने दुसऱ्याला तपासता आणि बदलता येते.

हे सगळे आपल्या रस्त्यावर आणून पाहावे तर आज उसाचा मोठा वाटा ट्रॅक्टर वाहून नेतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा ऊस, जोडणीला एक पिन आणि तिच्याभोवती झिजलेले छिद्र. ट्रॉली इथल्याच वर्कशॉपमध्ये दुसरीचे माप घेऊन बनते, आणि सांगाडा म्हणून ती दणकट असतेच. पण ट्रॅक्टर दोन टनांचा आणि मागचे ओझे वीस टनांचे असेल, तर विसाला एक अशा चढावर, चाकांचा विरोध धरून, सुमारे 1.6 टन ओढ लागते. ही ओढ जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आणि ट्रॅक्टरच्या दोन कण्यांमधले अंतर दोन मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचे 400 किलो नुसत्या ओढीने मागे जातात. मुळात तिथे असतात आठशेच्या आसपास. म्हणजे ज्या चाकांनी वळायचे त्यांची पकड चढावर निम्मी होते. उतारावर उलटे घडते. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर वीस टनांचा रेटा पिनेतून ट्रॅक्टरच्या पाठीत शिरतो, आणि तो जरा तिरका बसला तरी जोडगाडी मध्येच दुमडते. बाजूला कलण्याचा हिशोबही असाच फसवा आहे. चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची दोन्ही 1.8 मीटर असली तर कागदावर ट्रॉली 26 अंशांपर्यंत उलटत नाही. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे टायर दबतात, स्प्रिंगचे पाटे झुकतात, मोळ्या सरकतात आणि ती मर्यादा कितीतरी आधी येते.

अपघात गणितामुळे होत नाहीत, ते रात्री परावर्तक नसल्यामुळे, जादा ओझ्यामुळे आणि न झोपलेल्या चालकामुळे होतात, हा दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परावर्तक लावायला कोणत्याही समीकरणाची वाट पाहू नये. पण जादा ओझे म्हणजे किती, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. शिरोळच्या सपाटीवर जे ओझे निभावते ते राधानगरी-गगनबावड्याच्या चढउतारांवर निभावत नाही, आणि हा फरक सांगण्याचे साधन प्रारूप हेच आहे. तिसरा आक्षेप असा की तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळते, न्यूटनचे नियम कोल्हापूरसाठी वेगळे नाहीत, मग नव्याने काय करायचे? समीकरणे तीच राहतील, हे खरेच आहे. त्यांत घालायचे आकडे मात्र इथलेच हवेत. रिमोल्ड टायरची पकड, काळ्या मातीने माखलेल्या डांबराचे घर्षण, पिनेभोवतीची मोकळीक, हलत्या उसाचा गुरुत्वमध्य, यांतले काहीही परदेशी गाडीच्या माहितीसंचात मिळणार नाही. 1980 च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन ट्रेलरांच्या मालट्रकांचा अभ्यास केला तो त्यांच्या महामार्गांवरच्या वेगासाठी. चालकाने दिलेला झोला शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोचताना मोठा होतो, हा त्यांचा प्रश्न होता. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला तो लागू पडत नाही. तिचा प्रश्न चढाचा, रेट्याचा आणि कलण्याचा आहे.

इथला प्रश्न इथेच हाती घेतला तर काय होते, याचे एक उदाहरण शेजारीच आहे. साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये बैलगाडीच्या धुरेखाली तिसरे चाक लावून मानेवरचा भार जमिनीवर उतरवण्याची सोय केली. कल्पना साधी आणि दयाळू आहे. गणिताचे काम तिच्यापुढे सुरू होते. दोन टेकूंची गाडी तीन टेकूंची झाली की भाराची वाटणी नुसत्या तोलाने ठरत नाही. ती आधाराच्या ताठपणावर अवलंबून राहते. चाक फार ताठ असेल तर उंचवट्यावर ते जू उचलून धरेल आणि खड्ड्यावर अधांतरी राहून सगळा भार पुन्हा मानेवर टाकेल. फार मऊ असेल तर सपाटीवरही त्याचा उपयोग थोडाच. योग्य स्प्रिंग कोणती हे शोधायला शंभर बैलांवर प्रयोग करण्यापेक्षा शंभर सिम्युलेशने बरी, आणि ती विश्वासार्ह व्हायला जोखडाखालचा भार आणि पिनेतली ओढ शेतापासून कारखान्यापर्यंत मोजलेली हवी. अर्धी माहिती तर रोज हाताशी येऊन निसटते आहे. प्रत्येक कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक वाहन हंगामभर दर खेपेला दोनदा चढते, भरलेले आणि रिकामे, आणि नोंद होते ती फक्त एकूण वजनाची. त्याच काट्यावर आधी ट्रॅक्टरची पुढची चाके, मग मागची, मग एकेक ट्रॉली असे थांबवत वजन घेतले, तर कोणत्या कण्यावर किती भार येतो हे एका हंगामात हजारो वाहनांबाबत कळेल.