पाळ सात बहिणींनी बांधली, तर माती कोणी वाहिली?

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जाणारा पर्यटक वाघ, बिबट, अस्वल, सांबर आणि हिवाळ्यात तलावावर उतरणारी बदके पाहून परततो. फलकावर जंगल 'नैसर्गिक' असते. पण या जंगलाच्या मधोमध असलेला सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी बांधला आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. आख्यायिका म्हणते, भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. या देवींनी मदत केली म्हणून तलाव पूर्ण झाला. पुढे कोलू पाटलांचाही कोलासुर देव झाला.

आमचा वाद कोलू पाटलांशी नाही. कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे ज्ञान कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवले गेले नाही, हाही अन्यायच आहे. आमचा सवाल वेगळा आहे. देवी माती वाहत नाहीत. टोपल्या डोक्यावर घेऊन पाळ रचणारे हात कोणाचे होते? आख्यायिकेने कर्त्याला देव केले, श्रमाला देवीच्या खात्यात टाकले आणि मजुराचे नाव पुसले. पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांना आजही 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजार गेला, त्याचे नाव मात्र पाण्यावर राहिले.

1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, कोका मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ते कोणी घडवले हेही सांगा. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तो राहतो तलाव-बोड्यांत, धानाच्या बांध्यांत. म्हणजे ज्या पक्ष्याचे फोटो काढायला लोक येतात, तो कष्टकऱ्यांनी उभ्या केलेल्या पाण्यावर जगतो. मग तलावात जाळे टाकणारा ढीवर आणि जंगलात मोहफुले वेचणारी गोंड बाई 'अतिक्रमक' कशी?

इथे इतिहास हा अभिमानाचा विषय राहत नाही, तो पुरावा होतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांवरचा सामूहिक हक्क मान्य आहे. पण आदिवासी नसलेल्या वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, सिद्ध करावी लागतात. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांच्याकडेच आता कागद मागतात! तरीही वाट आहे. नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन, वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी, बांधबंदिस्ती हेही पुरावे आहेत.

महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तो तहानेसाठी नव्हे, माणूस म्हणून हक्क सिद्ध करण्यासाठी. 1954 मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. नवेगावबांध तेव्हा त्याच भंडारा जिल्ह्यात होते. तो पराभव आपल्या भागाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्याची परतफेड केवळ पुतळ्याला हार घालून होणार नाही.

म्हणून या भागातल्या तरुणांनी एक काम हाती घ्यावे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसा. कोणत्या तलावावर कोण राबले, कोणाचे जाळे कुठे पडत होते, कोणाची माती कुठे दिली, ते लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या आणि ग्रामसभेसमोर ठेवा. ही म्हातारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. त्यांच्याबरोबर आपला सातबाराही जाईल.

सात बहिणी कोणत्याही ग्रामसभेत साक्षीला येणार नाहीत. आपल्यालाच यावे लागेल.

जय भीम!