पाणकणीस : ओळख आणि उज्जैनमधल्या जागा

पाणकणीस म्हणजेच रामबाण. हिंदी भागात पटेर म्हणतात, शास्त्रीय नाव टायफा. उंची २ ते ३ मीटर, टोकाला तपकिरी कणीस. पानांच्या चटया विणतात.

कुठं वाढतं? उथळ, संथ, गाळाच्या पाण्यात. उज्जैनला क्षिप्रेचे संथ काठ आणि रुद्रसागरासारख्या सप्तसागर तलावांच्या कडा म्हणजे अशाच जागा. सांडपाणी मिसळलं की ते आणखी जोमानं वाढतं.

काढायचं की ठेवायचं? मुळं पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषतात, पक्ष्यांना आसरा मिळतो. पण चिखलातल्या खोडातून पसरत ते तलावही बुजवतं. म्हणून २०२८च्या सिंहस्थाआधी सफाई करताना काठाला पट्टा राखावा. बाकीचं पाण्याखालून कापावं. खोडाला हवा मिळत नाही, फुटवा थांबतो. कापलेलं मात्र बाहेर काढावं, नाहीतर कुजून तीच घाण परत पाण्यात.